एजंटच्या हाती टूल देताना काय लिहावे

एआय एजंटच्या, म्हणजे भाषेच्या मॉडेलच्या जोरावर स्वतःहून कामे करणाऱ्या प्रोग्रामच्या, हाती आपण एखादे सॉफ्टवेअर टूल देतो, तेव्हा प्रत्यक्षात त्याला फार थोड्या गोष्टी मिळतात: टूलचे नाव, दोन-चार ओळींचे वर्णन, आणि कोणती माहिती कोणत्या स्वरूपात द्यायची याचा आराखडा, जो बहुतेक वेळा जेसन स्कीमाच्या, म्हणजे माहितीचे स्वरूप ठरवून देणाऱ्या एका प्रमाण पद्धतीच्या, रूपात असतो. ओपनएआयने जून २०२३ मध्ये फंक्शन कॉलिंगची, म्हणजे मॉडेलला बाहेरची टूल बोलावू देण्याची, सोय दिली तेव्हा रचना हीच होती आणि अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेलला बाहेरची टूल जोडण्यासाठीचा मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, जाहीर केला तेव्हाही गाभा हाच राहिला. टूलमागचा कोड सहसा एजंटच्या नजरेस पडत नाही, आणि ते बनवताना टीममध्ये झालेली चर्चाही त्याच्यापर्यंत पोहोचलेली नसते. कोणते टूल निवडायचे, त्यात काय भरायचे आणि आलेल्या उत्तराचा अर्थ काय लावायचा, हे सगळे तो त्या मोजक्या ओळींच्या जोरावर ठरवतो. म्हणून त्या ओळी लिहिणे हा टूल बनवण्याच्या कामाचाच भाग आहे असे माझे ठाम मत आहे. टूल तयार झाल्यावर उरलेल्या वेळात उरकून टाकण्यासारखे ते काम नाही.

माणसासाठी लिहिलेले डॉक्युमेंटेशन मोघम असले तरी बऱ्याचदा निभावून जाते, कारण वाचणारा माणूस उरलेली माहिती इकडून तिकडून गोळा करतो. तो स्क्रीनवरची बटणे पाहतो, जुना कोड उघडतो, शेजारी बसलेल्या सहकाऱ्याला विचारतो, आणि काहीच उमगले नाही तर तिथेच थांबतो. थांबून प्रश्न एजंटलाही विचारता येतो, पण त्यासाठी आपल्याला काहीतरी ठाऊक नाही हे आधी त्याच्या लक्षात यायला हवे, आणि वर्णन मोघम असले की नेमके तेच लक्षात येत नाही. भाषेचे मॉडेल अशी मोकळी जागा त्याला सर्वांत संभाव्य वाटणाऱ्या अर्थाने भरून काढते. तो अर्थ बहुतेक वेळा बरोबर निघतो, आणि खरी अडचण तीच आहे: चूक क्वचित होते, झाली तरी बिनबोभाट होते, आणि उघडकीला येईपर्यंत तिच्यावर पुढची चार पावले टाकून झालेली असतात.

एक उदाहरण जवळून पाहू. समजा, एका हिशेबाच्या प्रणालीत इन्व्हॉइस शोधण्याचे टूल आहे आणि त्याचे वर्णन एवढेच आहे: ‘ग्राहकाचे इन्व्हॉइस शोधते.’ पॅरामीटर, म्हणजे टूलला द्यायच्या माहितीचे रकाने, चार आहेत: ग्राहक, सुरुवातीची तारीख, शेवटची तारीख आणि स्थिती. वाचताना यात काही कमी आहे असे वाटत नाही. पण टूलच्या आत काही गोष्टी ठरलेल्या आहेत. तारखा दिल्या नाहीत तर ते केवळ मागच्या ९० दिवसांतले इन्व्हॉइस पाहते. ‘ग्राहक’ या पॅरामीटरला ग्राहकाचा क्रमांक लागतो. तिथे नाव दिले तर एरर येत नाही, रिकामी यादी येते. रद्द केलेले इन्व्हॉइस यादीत धरले जात नाहीत. एका वेळी ५० पेक्षा जास्त नोंदी मिळत नाहीत.

आता एजंटला काम सांगितले जाते: ‘या ग्राहकाला मागच्या तिमाहीचे इन्व्हॉइस गेले आहे का ते पाहा, गेले नसेल तर पाठवा.’ एजंट ग्राहकाचे नाव घालून शोध घेतो, रिकामी यादी येते, इन्व्हॉइस गेलेले नाही असा अर्थ तो काढतो आणि नवे इन्व्हॉइस तयार करून पाठवून देतो. ग्राहकाकडे एकाच कामाची दोन इन्व्हॉइस पोहोचतात. यातल्या कुठल्याही पायरीवर एजंटने अविचार केलेला नाही. त्याच्यासमोर जे ठेवले होते त्यावरून कोणीही हाच निष्कर्ष काढला असता.

हेच वर्णन मी असे लिहीन: ‘ग्राहक क्रमांकावरून त्या ग्राहकाचे इन्व्हॉइस शोधते. ग्राहकाचे नाव येथे चालत नाही. केवळ नाव माहीत असेल तर आधी ग्राहक शोधण्याच्या टूलमधून क्रमांक मिळवा. तारखा दिल्या नाहीत तर मागच्या ९० दिवसांतलेच इन्व्हॉइस मिळतात, त्यामुळे यादी रिकामी आली तर इन्व्हॉइस अस्तित्वात नाही असे धरण्यापूर्वी तारखा देऊन पुन्हा शोधा. रद्द झालेले इन्व्हॉइस हवे असतील तर स्थितीमध्ये तसे सांगा. एका वेळी जास्तीत जास्त ५० नोंदी मिळतात. आणखी असतील तर उत्तरात पुढच्या पानाचा संकेत येतो आणि तो देऊन पुन्हा बोलवावे लागते.’

या वर्णनातले प्रत्येक वाक्य एजंटला घ्याव्या लागणाऱ्या एखाद्या निर्णयाला उत्तर देते, आणि वाक्य ठेवायचे की काढायचे हे ठरवताना मी हीच कसोटी लावतो. ‘हे एक शक्तिशाली आणि लवचिक टूल आहे’ या वाक्याने कोणताच निर्णय बदलत नाही, म्हणून त्याला जागा नाही. ‘रिकामी यादी म्हणजे काय समजावे’ याने निर्णय बदलतो. माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त वेळा गाळली जाणारी माहिती हीच असते. टूल काय करते हे सगळे लिहितात, पण त्याने दिलेल्या उत्तराचा अर्थ काय, आणि विशेषतः काहीच मिळाले नाही याचा अर्थ काय, हे क्वचितच कोणी लिहिते. ‘नोंद नाही’, ‘नोंद आहे पण तुम्हाला पाहण्याची परवानगी नाही’ आणि ‘तुम्ही चुकीच्या ठिकाणी पाहिले’ या तीन निराळ्या गोष्टी आहेत, आणि असंख्य टूल या तिन्हींसाठी एकच रिकामी यादी परत करतात.

इथे एक गोष्ट आपोआप घडते आणि मला ती या कामातली सर्वांत मोलाची वाटते. वरचे वर्णन लिहिता लिहिता लक्षात येते की दोष केवळ वर्णनात नव्हता. क्रमांकाच्या जागी नाव आले तर टूलने गप्प बसून रिकामी यादी का द्यावी? तिथे स्पष्ट एरर यायला हवी, आणि ती आली तर वर्णनातले एक वाक्य कमी करता येईल. ज्या टूलचे वागणे समजावून सांगताना ‘मात्र’, ‘अपवाद’ आणि ‘तथापि’ यांची रांग लागते, ते टूलच दुरुस्त करण्याची गरज असते. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या प्रणालीतली ‘चेकआउट’ ही आज्ञा याचे चांगले उदाहरण आहे. ती ब्रँच, म्हणजे कामाची समांतर शाखा, बदलण्यासाठीही होती आणि फाइलमधले बदल टाकून देऊन ती पूर्वस्थितीला आणण्यासाठीही होती. पहिले काम निरुपद्रवी, तर दुसऱ्यात न साठवलेले काम कायमचे जाऊ शकते. ऑगस्ट २०१९ मध्ये आलेल्या २.२३ या आवृत्तीत या दोन कामांसाठी ‘स्विच’ आणि ‘रिस्टोअर’ अशा स्वतंत्र आज्ञा दिल्या गेल्या. कितीही पाने लिहून जो गोंधळ पुरता मिटला नसता, तो दोन नावांनी बराच कमी झाला. एजंटसाठी टूल बनवणाऱ्यांनी हा धडा मनावर घ्यावा असे मला वाटते: एका टूलने एकच काम करावे, आणि ते काम त्याच्या नावात दिसावे.

टूल कधी वापरू नये हेही लिहायला हवे. एजंटकडे एकच टूल असेल तर प्रश्न नाही, पण प्रत्यक्षात त्याच्यापुढे अनेक टूल असतात आणि त्यांतली काही एकमेकांच्या इतकी जवळची असतात की वर्णनावरून फरक कळत नाही. एक टूल फायलींच्या नावांत शोधते, दुसरे मजकुरात, तिसरे अर्थाच्या जवळिकीने. आणि तिघांच्याही वर्णनाची सुरुवात ‘फाइल शोधते’ अशीच. अशा वेळी प्रत्येकाच्या वर्णनात शेजाऱ्याचा उल्लेख हवा: नेमका शब्द माहीत असेल तर हे वापरा, केवळ विषय माहीत असेल तर ते. टूल लिहिणाऱ्याच्या डोक्यात हा फरक लख्ख असतो, आणि म्हणूनच तो कागदावर उतरत नाही.

एककांचा आणि स्वरूपांचा विषय रूक्ष असला तरी टाळता येत नाही. वेळ सेकंदांत मोजायची की मिलिसेकंदांत? युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची परंपरा सेकंदांची आहे, जावास्क्रिप्ट या भाषेची मिलिसेकंदांची, आणि दोन्हीकडे दिसायला तो एक मोठा पूर्णांकच असतो. नकाशावरच्या जागा नोंदवण्याच्या जिओजेसन या स्वरूपाच्या २०१६ सालच्या मानकात आधी रेखांश आणि मग अक्षांश येतो, तर बोलताना आपण नेमका उलटा क्रम वापरतो. त्यात चूक झाली तर जागा भलतीकडे जाते आणि एररही येत नाही. पैशांच्या व्यवहारांचे काही एपीआय, म्हणजे प्रोग्रामांनी एकमेकांशी बोलण्याचे मार्ग, रक्कम चलनाच्या सर्वांत लहान एककात, उदाहरणार्थ रुपयांऐवजी पैशांत, मागतात, त्यामुळे दशांश चिन्हाच्या अपेक्षेने भरलेला आकडा शंभर पटीने चुकतो. यावर सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे एकक पॅरामीटरच्या नावातच घालणे. ‘टाइमआउट’ऐवजी ‘टाइमआउट सेकंद’ असे नाव ठेवले की वर्णन वाचायचे राहून गेले तरी चूक होत नाही. ठरावीक पर्यायांतूनच निवड करायची असेल तर ते पर्याय स्कीमामध्ये एनम, म्हणजे चालणाऱ्या मूल्यांची यादी, म्हणून बांधून द्यावेत. तारखेसाठी टाइमझोनसह पूर्ण स्वरूप मागावे. जे स्कीमाने अडवता येते ते वाक्याने सांगत बसू नये.

एररच्या मजकुराबद्दल मला जरा विस्ताराने लिहायचे आहे, कारण डॉक्युमेंटेशनचा तोही भाग आहे हे सहसा कोणी मानत नाही. एजंट वर्णन वाचतो ते कामाच्या सुरुवातीला. एरर मात्र तो अडलेल्या क्षणी वाचतो, आणि पुढचे पाऊल तिच्यावरूनच ठरवतो. ‘अवैध विनंती’ एवढेच म्हणणारी एरर त्याला अंदाज बांधायला लावते. मग तो एक पॅरामीटर बदलून पाहतो, दुसरा काढून पाहतो, आणि कधी कधी भलत्याच वाटेने काम पुरे करतो. त्याऐवजी ‘सुरुवातीची तारीख शेवटच्या तारखेनंतरची आहे, दोन्ही तपासून पुन्हा पाठवा, कोणतीही नोंद बदललेली नाही’ असा मजकूर असेल तर तो पुढच्याच खेपेला मार्गी लागतो. यातले शेवटचे वाक्य फार महत्त्वाचे आहे. अपयश आले तेव्हा काम कुठपर्यंत झाले होते, हे कळल्याशिवाय पुन्हा प्रयत्न करणे सुरक्षित आहे की नाही हे ठरवता येत नाही.

उत्तर वेळेत आलेच नाही तर हा प्रश्न आणखी बिकट होतो. पैसे पाठवण्याच्या टूलला विनंती गेली आणि कनेक्शन तुटले. पैसे गेले की नाही? वेबवरच्या देवाणघेवाणीच्या एचटीटीपी या मानकात पुट आणि डिलीट यांसारख्या विनंत्या पुन्हा पाठवल्या तरी परिणाम एकदाच पाठवल्यासारखा व्हावा असे ठरवलेले आहे, पोस्ट या प्रकारच्या विनंतीबद्दल मात्र तशी हमी नाही. टूलच्या वर्णनातही हे यायला हवे: पुन्हा बोलावले तर काय होते, एकाच व्यवहाराची दोनदा नोंद होऊ नये म्हणून ओळख-क्रमांक देण्याची सोय आहे का, आणि शंका आली तर खात्री करण्यासाठी कोणते टूल वापरावे.

यशाची खूण कोणती हेही गृहीत धरू नये. युनिक्समधली मजकूर शोधणारी ग्रेप ही आज्ञा मजकूर सापडला तर काम संपताना ० हा आकडा परत करते, सापडला नाही तर १, आणि फाइल उघडता आली नाही अशी खरी अडचण आली तर २. म्हणजे इथे १ हे अपयश नसून एक नेमके उत्तर आहे. पण शून्याखेरीज काहीही आले की काहीतरी बिघडले, असे धरणाऱ्या यंत्रणेत ग्रेप बसवले की ‘असा शब्द कुठेही नाही’ हा अत्यंत उपयोगी निष्कर्ष एजंटला एरर म्हणून दाखवला जातो. युनिक्सच्या नियमपुस्तिकेच्या पहिल्या आवृत्तीवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे, आणि तिच्यातल्या नोंदींमध्ये ‘बग्ज’ असा एक स्वतंत्र भाग होता, ज्यात आज्ञेच्या उणिवा तिच्या कर्त्यांनीच नोंदवून ठेवलेल्या असत. आपल्याच टूलबद्दल इतक्या सरळपणे लिहिण्याची ती पद्धत एजंटच्या काळात पुन्हा रुळावी अशी माझी मनापासून इच्छा आहे.

परिणामांच्या बाबतीत एमसीपीच्या मार्च २०२५ च्या आवृत्तीने काही खुणांची सोय केली: टूल केवळ वाचते का, काही नष्ट करू शकते का, पुन्हा बोलावले तर परिणाम तोच राहतो का, आणि बाहेरच्या जगाशी त्याचा संबंध येतो का. या खुणा जरूर भराव्यात, पण त्या केवळ सूचना आहेत आणि अविश्वासू सर्व्हरकडून आलेल्या खुणांवर विसंबू नये, हे त्या मानकातच म्हटले आहे. ‘वापरकर्त्याची परवानगी घेतल्याशिवाय हे टूल वापरू नका’ असे वर्णनात लिहिणे म्हणजे परवानगीची व्यवस्था करणे नव्हे. जे होऊच द्यायचे नाही ते प्रणालीने अडवले पाहिजे. वर्णनाचे काम एजंटला योग्य वाट दाखवण्याचे आहे, दाराला कुलूप लावण्याचे नाही. याच कारणासाठी मोठ्या अक्षरांत आणि उद्गारचिन्हांसह लिहिलेल्या ताकिदींचा फारसा उपयोग होतो असे मला वाटत नाही. प्रत्येक ओळ महत्त्वाची असल्याचे ठासून सांगितले की कोणतीच ओळ वेगळी उठून दिसत नाही. त्यापेक्षा कारण द्यावे. ‘एका मिनिटात फार विनंत्या गेल्या तर खाते तासभर बंद होते, म्हणून नोंदी एकेक न मागवता एकत्र मागवा’ असे सांगितले की न लिहिलेल्या प्रसंगीही एजंट योग्य तो अर्थ काढू शकतो.

लांबीचा प्रश्न इथेच येतो. टूलची वर्णने सहसा प्रत्येक संवादासोबत मॉडेलपुढे ठेवली जातात, त्यामुळे प्रत्येक वाक्यासाठी टोकन, म्हणजे मॉडेल वाचते ते शब्दांचे तुकडे, खर्च होतात आणि मूळ कामाकडचे लक्षही थोडे विभागले जाते. निर्णयासाठी दर वेळी लागते ते वर्णनात ठेवावे आणि क्वचित लागते ते वेगळ्या पानावर ठेवून ते कसे मिळवायचे तेवढे सांगावे. जेरेमी हॉवर्ड यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये सुचवलेली ‘एलएलएम्स डॉट टीएक्सटी’ ही कल्पना याच विचारातून आलेली आहे: संकेतस्थळावर मॉडेलसाठी एक साधी, आटोपशीर मजकूर-फाइल असावी आणि तिथून तपशिलाच्या पानांकडे जाता यावे.

लोकप्रिय टूलच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. मॉडेलने प्रशिक्षणात त्या टूलबद्दल पुष्कळ वाचलेले असते, आणि त्यातले बरेचसे जुन्या आवृत्तीचे असते. पायथन या भाषेच्या पांडाज लायब्ररीत डेटाफ्रेमला, म्हणजे माहितीच्या तक्त्याला, ओळी जोडण्यासाठी ‘अपेंड’ ही पद्धत वर्षानुवर्षे होती, आणि २०२३ मध्ये आलेल्या २.० या आवृत्तीत ती काढून टाकली गेली. पण त्याआधीचा सगळा कोड, सगळे प्रश्नोत्तरांचे धागे आणि सगळे पाठ तिनेच भरलेले आहेत. नव्या पद्धतीचे नुसते वर्णन करून अशा वेळी भागत नाही. ‘अपेंड आता नाही, तिच्या जागी कॉनकॅट वापरा’ असे जुन्याचे नाव घेऊन सांगावे लागते, कारण एजंटच्या मनात आधी जुनेच येणार असते. माणसासाठी लिहिताना जे बदलांच्या इतिहासात टाकून चालते, ते इथे पहिल्या परिच्छेदात आणावे लागते.

उदाहरणे द्यावीत, पण जपून द्यावीत. एजंट उदाहरणाला वर्णनापेक्षा जास्त मान देतो, असे मला वारंवार दिसले आहे. उदाहरणात घातलेली तारीख किंवा खाते क्रमांक तो कधी कधी तसाच उचलतो, आणि उदाहरणात सगळेच ऐच्छिक पॅरामीटर भरलेले असतील तर तोही सगळे भरू लागतो. म्हणून उदाहरणातली मूल्ये खरी वाटणारी पण उघडपणे नमुन्याची असावीत, आणि एक उदाहरण किमान माहितीचे असावे. हीच उदाहरणे चाचणी म्हणून आपोआप चालवली गेली तर टूल बदलल्यावर ती शिळी राहत नाहीत.

लिहिलेले वर्णन पुरेसे आहे की नाही हे ते पुन्हा पुन्हा वाचून कळत नाही, कारण आपल्याला उत्तर आधीच ठाऊक असते. त्यासाठी कोरी पाटी असलेल्या एजंटला केवळ ती वर्णने द्यावीत, खऱ्या कामांसारखी कामे सांगावीत, आणि त्याने टूल कसे बोलावले त्याची नोंद ओळीने वाचावी. अंतिम उत्तर बरोबर आले एवढ्यावर समाधान मानू नये. त्याने एकाच पॅरामीटरसाठी तीन निरनिराळी रूपे वापरून पाहिली का, ज्याची गरज नव्हती ते टूल आधी उघडले का, रिकाम्या उत्तरावर तो थांबला की पुढे गेला, हे पाहावे. अडखळण्याची प्रत्येक जागा म्हणजे वर्णनातले न लिहिलेले वाक्य असते, किंवा टूलमधलाच दोष. दुरुस्ती केल्यावर तीच कामे पुन्हा द्यावीत, शक्य असेल तर दुसऱ्या एखाद्या मॉडेललाही, कारण एकाला पुरेसे वाटणारे वर्णन दुसऱ्याला पुरतेच असे नाही.

आणि दुरुस्ती एका टूलची असली तरी चाचणी सगळ्या संचाची घ्यावी. एजंट वर्णने एकमेकांच्या तुलनेत वाचतो, त्यामुळे एका टूलचे वर्णन अधिक नेमके आणि भरघोस झाले की पूर्वी शेजारच्या टूलकडे जाणारी कामे त्याच्याकडे वळू लागतात. मजकुरात शोधणाऱ्या टूलचे वर्णन सुधारले आणि नावांत शोधणारे टूल तसेच सोडले, तर नुसत्या नावावरून सापडणाऱ्या फाइलसाठीही एजंट सगळा मजकूर धुंडाळत बसतो. तेव्हा त्या दुसऱ्या वर्णनालाही त्याच बैठकीत हात घालावा लागतो, आणि दोन्ही बदल कोडच्या बदलासोबत एकाच रिव्ह्यूला जावे लागतात.